कोंबड्याची बाटली

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधल्या काळात विशेष काही घडलं नाही असं नाही, पण लिहावं की लिहू नये यातच दिवस गेले. नातेवाइकांपैकी जे इथे येऊन वाचतात त्यांना एकच विनंती, आधी शेवटपर्यंत वाचा आणि मग फोन करा!

तर झालं असं. लेक दोन वर्षांपासून इटलीत शिकते आहे. डिसेंबरात परभणीला आली ती बॅगेत कपड्यांच्या आत गुंडाळून एक बाटली घेऊन. किआन्ती क्लासिको. बाटलीच्या गळ्यावर काळा कोंबडा. मी म्हटलं, "हे काय, पोल्ट्रीचं औषध आणलंस का?" तर ती म्हणे, बाबा, फ्लोरेन्स आणि सिएना या दोन शहरांमधल्या टेकड्यांवरची ही वाइन, कोंबडा हा तिथल्या संघाचा शिक्का. टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने 1716 मध्येच या वाइनच्या प्रदेशाची हद्द ठरवून दिली होती म्हणे. आपल्याकडे शेताच्या बांधाची मोजणी अजून होतेय!

आता अडचण. आमच्या घरात बाटली येत नाही. 1989 सालापासून नाही.

माझे धाकटे काका दारूने गेले. तेव्हा ते 38 वर्षांचे होते. (काकांची मुलं हे वाचतात. त्यांना विचारूनच लिहितोय.) काका पितानाचं मी लहानपणी पाहिलंय, ते विसरता येत नाही. मधल्या खोलीच्या दाराआड उभे राहायचे, स्टीलच्या पेल्यात ओतायचे, डोळे गच्च मिटून एका दमात घशाखाली घालायचे आणि वरून चिमूटभर मीठ. चव लागू नये म्हणून सगळी घाई. काका गेल्यावर आईने जे ठरवलं ते ठरवलं. व्हिनेगरची बाटलीसुद्धा ती वास घेतल्याशिवाय आत येऊ द्यायची नाही.

मी काही सोवळा नाही. नोकरीच्या गावी असताना चार लोकांत ग्लास हातात धरलाय. पण परभणीत, या घरात, कधीच नाही. त्यामुळे बाटली आठ दिवस गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली पडून होती.

शेवटी लेकीनेच आज्जीला सांगितलं. सरळ. "आज्जी, हे द्राक्षाचं आहे."

"द्राक्षाचं असो की मोहाचं." आई म्हणाली. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "प्यायचीच असंल तर माझ्यासमोर बसून प्या. दाराआड नको."

आणि आम्ही बसलो. ओसरीवर, सतरंजी टाकून. बाटलीवाले "खोलीच्या तापमानाला प्या" असं सांगतात, पण ती खोली युरोपातली, 16 ते 18 अंशांची. आमच्या परभणीच्या मे महिन्यातल्या खोलीत तिचा काढाच झाला असता! डिसेंबर होता म्हणून निभावलं, त्या रात्री स्वेटर घालून बसावं लागत होतं.

बूच उघडायचं यंत्र घरात नाही. स्क्रू फिरवून पकडीने ओढायचा प्रयत्न केला तर बुचाचे तुकडे झाले, उरलेलं आत ढकललं. मग चहाच्या गाळणीने, सरबताच्या ग्लासात. इटलीतल्या कुणी पाहिलं असतं तर लेकीचा व्हिसाच रद्द झाला असता.

मी सवयीने घोट घेऊन गिळायला लागलो तर लेक म्हणाली, "बाबा, थांबा. आधी वास. मग थोडीशी तोंडात घोळवा." मला हसू आलं. पण घोळवली. पहिल्यांदा आंबट. मग जीभ एकदम आखडली, कच्चं जांभूळ किंवा हिरवं केळ चावल्यावर होते तशी. मला वाटलं खराब झाली. ती म्हणाली, तो तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो, आपल्या लाळेतली प्रथिनं बांधून टाकतो, म्हणून तोंड कोरडं पडतं. सोबत काही खा. घरात होती ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची चटणी. दाण्याचं तेल जिभेवर आलं आणि पुढचा घोट पार बदलला. तुरटपणा मऊ झाला, मागून काहीतरी चेरीसारखं आलं. अर्ध्या तासाने पुन्हा वेगळं. हवा लागली की उलगडत जाते म्हणे.

तेव्हा मला वडील आठवले. ते विद्यापीठात ज्वारीच्या कामावर होते (तेव्हाचं मराठवाडा कृषी विद्यापीठ, 2013 पासून वसंतराव नाईकांचं नाव आहे). खळ्यावर गेले की एक दाणा दाढेखाली धरायचे, डोळे मिटायचे. टक् असा आवाज आला तर वाळला, नाहीतर अजून दोन उन्हं. आणि हुरडा खाताना आम्ही मुलं बोकणे भरायचो, ते चिमटीत चार दाणे घेऊन चावत बसायचे. आम्हाला वाटायचं, दात दुखत असतील!

एकाच घरातले दोघं भाऊ. एक डोळे मिटून चव शोधायचा, एक डोळे मिटून चव टाळायचा. काका हळू प्यायले असते तर वाचले असते असं मी म्हणत नाही. व्यसन असं नसतं आणि तसं म्हणणं काकूवर अन्याय होईल.

भावांवरून आठवलं. या किआन्तीतलं मुख्य द्राक्ष सांजोवेजे, ते आता आपल्या अकलूजलाही पिकतं. इटलीतले सेक्की बंधू, सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू अशा तिघा घरांनी मिळून तिथे वाइनरी काढली, नाव फ्रातेल्ली, म्हणजे भाऊ-भाऊ. त्यांच्या एका लाल वाइनचं नाव सेत्ते, म्हणजे सात. सोलापूर जिल्ह्यातल्या मुरमाड जमिनीत टस्कनीची वेल! ती अजून चाखलेली नाही. (महाराष्ट्रात प्यायचा परवाना लागतो हे ठाऊक आहे, काढलाय. आजीवन परवाना मिळतो हे कळल्यावर हिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ते असो.)

दोन ग्लासांत आमचे दोन तास गेले. आई समोर वाती वळत बसली होती. मधेच तिने हात पुढे केला. मी चपापलो. तिने ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि परत दिला.

"जांभळावानी येतो," एवढंच बोलली आणि पुन्हा वाती वळू लागली.

बाटलीच्या तोंडाला प्लास्टिक आणि रबरबँड लावून मी ती फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी आई दूध काढायला गेली. फ्रिजचं दार उघडं ठेवून बराच वेळ उभी. मला वाटलं आता बोलणी खाणार.

"उरली?" ती म्हणाली.

"हो, अर्धी आहे."

आईने बाटली उजेडात धरून पाहिली, किती उरली ते. मग दुधाच्या पातेल्याशेजारी नीट उभी करून ठेवली.