विणकराचा मेंदू

पॅरिसमधले चर्चासत्र शुक्रवारी संपते, परतीचे विमान सोमवारी. मधले दोन दिवस एका सहकाऱ्यासोबत ल्योंला काढायचे ठरले. वेगवान गाडीने अंतर दोन तासांचे. शनिवारी दुपारी ‘बूशों’ या तिथल्या जुन्या धाटणीच्या खाणावळीत जेवण, सोबत उत्तरेच्या बोजोले टापूतली तांबडी वाइन. रविवारी सकाळी पॉल बोक्यूझ यांच्या नावाचा खाद्यबाजार. आराखडा नेटका होता.

मग पदार्थांच्या यादीत ‘सेर्व्हेल द कान्यू’ भेटले. शब्दशः अर्थ, रेशीम विणकराचा मेंदू. प्रत्यक्षात ते लसूण आणि हिरवा पाला घालून फेटलेले ताजे चीज. आपल्या चक्क्याच्या जवळचे. त्या नावात मला गरिबांची थट्टा ऐकू आली. मजुरीच्या दरासाठी १८३१ साली बंड करणारे ते हेच विणकर.

आजी आठवली. १९८२च्या संपापर्यंत ती लालबागला गिरणी कामगारांची खाणावळ चालवीत असे. पुढे शाळेत तिच्या धंद्याचे नाव काढायची मला लाज वाटे. ल्योंने अशा स्वयंपाकिणींना ‘मेर’, म्हणजे आई, म्हटले. त्यांतल्या युजेनी ब्राझिए यांच्या दोन उपाहारगृहांना १९३३ साली मिशलँचे प्रत्येकी तीन तारे मिळाले.

आराखडा आता थोडा बदलला आहे. आधी क्रुआ-रूसची टेकडी चढून, मागांसाठी उंच छते बांधलेली विणकरांची घरे पाहायची; जेवण त्यानंतर. सहकाऱ्याला आजीविषयी अजून काही बोललेलो नाही. तो पदार्थ पानात आला, की सांगेन.