अंघोळ नावाचं गाव

एखाद्या गावाचं नाव 'अंघोळ' असेल, तर त्या गावातली मुलं रोज सकाळी अंघोळीला टाळाटाळ करत असतील का हो? हसू नका. इंग्लंडमध्ये खरोखरच असं एक गाव आहे. बाथ! नावाचा अर्थच स्नान. मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे तीन दिवस राहून आले. तिथे मी एक चूक केली. ती चूक मी घरात कुणाला सांगितली नव्हती. आज तुम्हाला सांगते.

माझा धाकटा भाऊ नोकरीसाठी ब्रिस्टल शहरात राहतो. तिथून बाथ आगगाडीने अगदी जवळ. आईला त्या वर्षी साठ वर्षं पूर्ण झाली होती आणि तिचे गुडघे दुखत होते. भाऊ म्हणाला, "आईची साठी आपण बाथला करू. छान हॉटेलात राहू, गरम पाण्यात डुंबू." आम्ही दोघी विमानाने गेलो. शनिवारी सकाळी तिघं बाथला पोचलो.

काय गाव आहे ते! सगळी घरं एकाच रंगाच्या दगडाची. मधासारखा पिवळसर दगड, ऊन पडलं की उजळणारा. एका टेकडीवर चंद्रकोरीच्या आकारात तीस घरांची एकच ओळ आहे. तिचं नाव रॉयल क्रेसेंट. १७६७ ते १७७४ या काळात ती बांधली. नदीवरच्या पुलटेनी पुलावर दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, म्हणजे चालताना आपण पुलावर आहोत हे कळतही नाही! याच गावात राहणाऱ्या विल्यम हर्शल नावाच्या संगीतकाराने १७८१ मध्ये आपल्या घरामागच्या बागेतून, स्वतः बनवलेल्या दुर्बिणीने युरेनस ग्रह शोधून काढला. दिवसा वाद्यं वाजवायची आणि रात्री आकाश पाहायचं. आहे ना गंमत?

आमचं हॉटेल जुन्या दगडी वाड्यातच होतं. आत शिरलो आणि मी गांगरूनच गेले. पायाखाली पाऊल रुतेल असा गालिचा. पलंगावर माणशी चार उशा, आणि उशीवर चॉकलेट! कपाटात शुभ्र, जाडजूड झगे आणि कापडी सपाता. आईने उशा मोजल्या आणि म्हणाली, "एवढ्या उशांवर निजायचं की बसायचं?" दुपारी चहाबरोबर काकडीची इवलीशी सँडविचेस आली, स्कोन नावाची गोडसर पावासारखी वस्तू आली आणि तिच्यावर लावायला घट्ट क्रीम. आईने चाखून निकाल दिला, "ही तर साय!"

मला मात्र सारखं वाटत होतं, की आपलं इथे काहीतरी चुकणार. कुठला काटा आधी उचलायचा, दार उघडणाऱ्या माणसाला काय म्हणायचं. आई निर्धास्त होती आणि मी तिच्यावर लक्ष ठेवून होते.

हॉटेलच्या तळघरात स्पा होता. स्पा म्हणजे औषधी किंवा गरम पाण्यात डुंबायची जागा. बेल्जियममध्ये स्पा नावाचं झऱ्यांचं गाव आहे, त्यावरून हा शब्द आला. खाली मंद दिवे होते, वाफेच्या खोल्या होत्या आणि मधोमध कोमट पाण्याचा हौद. सात-आठ माणसं पाण्यात शांत पडून होती. भावाने आईसाठी अंगभर पोहण्याचा पोशाख आणला होता. तो घालून आई हौदाशी आली आणि पायरीवर थांबली. खाली वाकली. ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावलं, हात जोडले आणि पुटपुटली, "आई, पाय लावते, माफ कर."

पाण्यातल्या दोन-तीन माना वळल्या.

माझे कान गरम झाले. मी दबक्या आवाजात म्हणाले, "आई, काय हे! लोक बघताहेत. हे काय आपलं वज्रेश्वरी आहे?"

आई काही बोलली नाही. तिने हात सोडले, झगा अंगावर घेतला आणि बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसली. "तुम्ही डुंबा. मला थंडी वाजतेय," म्हणाली. तळघरात थंडी कुठली! घाम येत होता.

आता हे वज्रेश्वरी काय, ते सांगते. आईचं माहेर वाड्याकडचं. तिच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, संधिवात होता. आजी तिला घेऊन वज्रेश्वरीजवळ अकलोलीला जायची. तिथे तानसा नदीच्या काठी गरम पाण्याची कुंडं आहेत. कुंडात उतरण्याआधी पाणी डोळ्यांना लावायचं, हे आजीने तिला शिकवलं. आई लहान असल्यापासून नदी, विहीर, समुद्र, कुठलंही पाणी असो, आधी त्याला नमस्कार करते आणि मग पाय घालते. मला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं.

त्या रात्री आई लवकर झोपली. चार उशांपैकी तीन तिने नीट रचून खुर्चीवर ठेवल्या होत्या.

रविवारी आम्ही रोमन स्नानगृहं पाहायला गेलो. रोमन लोक सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथे आले, तेव्हा जमिनीतून वाफाळतं पाणी वर येत होतं. ते आजही येतंय. ४६ अंश सेल्सियस तापमानाचं, रोज सुमारे ११ लाख ७० हजार लिटर! हे पाणी गरम कसं होतं? हजारो वर्षांपूर्वी पडलेलं पावसाचं पाणी चुनखडीच्या खडकातून झिरपत खूप खोल गेलं. पृथ्वीच्या पोटात जावं तितकी उष्णता वाढते. तिथे ते तापलं आणि खडकातल्या भेगेतून वर उसळलं. म्हणजे आज बाथमध्ये उकळ्या फुटताना दिसतं ते पाणी कुठल्या जुन्या पावसाळ्यातलं असेल, विचार करा!

रोमनांनी बांधलेला मोठा हौद अजून आहे. दीड मीटरहून थोडा खोल, तळाला शिशाचे पत्रे. त्यावरचं छप्पर केव्हाच पडलं, त्यामुळे उन्हाने शेवाळ वाढतं आणि पाणी हिरवंगार दिसतं. त्यात उतरायला मात्र बंदी आहे.

पण मुलांनो, मला थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. स्नानगृहाला लागूनच देऊळ होतं! तिथल्या मूळ लोकांची झऱ्याची देवी होती सुलिस. रोमनांनी तिला हटवलं नाही. आपल्या मिनर्व्हा देवीचं नाव तिच्या नावाला जोडलं आणि 'सुलिस मिनर्व्हा' म्हणून तिची पूजा केली. गावाचं नावही ठेवलं 'आक्वाए सुलिस', सुलिसचं पाणी. लोक झऱ्यात नाणी टाकत. अशी बारा हजारांहून जास्त रोमन नाणी तिथे सापडली आहेत.

आणि चिठ्ठ्या! हो, देवीला लिहिलेल्या चिठ्ठ्या. शिशाच्या पातळ पत्र्यावर टोचून लिहायचं, गुंडाळी करायची आणि झऱ्यात टाकायची. अशा सुमारे १३० चिठ्ठ्या सापडल्या. त्यांत बहुतेक चोरीच्या तक्रारी आहेत. अंघोळीला उतरलं की कपडे पळवायचे चोर तेव्हाही होते! दोकिमेदिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे हरवले. त्याने देवीला विनवलं, की चोराची बुद्धी जावो आणि डोळेही जावोत. दोन हातमोज्यांसाठी एवढा राग!

भाऊ आईला हे सगळं मराठीत सांगत होता. आईने देवीचं सोनेरी मुलामा दिलेलं कांस्याचं मस्तक कितीतरी वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून अगदी साधेपणाने म्हणाली, "म्हणजे इथे चालायचं पूर्वी."

'चालायचं.' त्या एका शब्दाने मला कळलं, की काल आई रुसली नव्हतीच. तिला वाटलं होतं, आपल्या हातून इथे न चालणारं काही घडलं. साठ वर्षं जे ती मनापासून करत आली, ते चुकीचं असेल असं मी तिला एका वाक्यात वाटायला लावलं होतं.

तिथल्या कारंज्यातलं कोमट पाणी पेल्यातून प्यायला मिळतं. आईने घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "खिळे भिजवल्यासारखं लागतंय," म्हणाली. पण पेला संपवला. मी म्हटलं, "आई, काल मी चुकले." ती म्हणाली, "अगं, त्यात काय! उद्या सकाळी जाऊ की खाली." बस, एवढंच.

सोमवारी निघण्यापूर्वी आम्ही दोघी खाली गेलो. दोघींनी पाणी डोळ्यांना लावलं. पाण्यात एक इंग्रज आजी होत्या. त्यांनी विचारलं, तुम्ही आत्ता काय केलंत? मी आईला मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "सांग त्यांना, पाण्याला विचारलं, येऊ का म्हणून." मी इंग्रजीत सांगितलं. आजी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मग काय म्हणालं पाणी?" आईने उत्तर दिलं, "ये म्हणालं!" आणि ती छातीभर पाण्यात उतरली. तिचे गुडघे बरे झाले का? नाही, घरी आल्यावर पुन्हा दुखू लागले. पण त्या अर्ध्या तासात ती एखाद्या मुलीसारखी पाण्यात चालत होती.

गोष्ट इथे संपायला हवी ना? पण संपत नाही.

माझ्या वर्गात एक मुलगा आहे. त्याची आई बाजारात सुकी मासळी विकते. मागच्या वर्षी पालकसभेला ती बाजारातून तशीच, टोपली घेऊन आली. मुलं नाक दाबून हसली आणि हा पठ्ठ्या बाकाखाली लपला. मी त्याला सगळ्या वर्गासमोर उभं केलं आणि चांगलं खडसावलं. "आईची लाज वाटते? जी आई तुझ्यासाठी राबते तिची?" असं बरंच काही बोलले. तो मान खाली घालून उभा होता.

बाथहून परत येताना विमानात मला तोच आठवत होता.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मी वर्गाला बाथची गोष्ट सांगितली. गरम झरे, हातमोजे, चिठ्ठ्या आणि माझी चूकसुद्धा. मुलं गप्प होती. मग तो मुलगा उठला आणि त्याने विचारलं, "बाई, मग तुम्हाला कोण ओरडलं?"

मी म्हटलं, "कुणीच नाही रे."

तो काही न बोलता बसला. पण मला त्याचं म्हणणं कळलं होतं. त्याला मी चाळीस मुलांसमोर ओरडले होते. माझी आई मात्र मला 'त्यात काय' म्हणाली होती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यापाशी घेऊन गेली होती.

म्हणून ज्या चाळीस मुलांसमोर त्याला बोलले होते, त्यांच्याचसमोर मी त्याची माफी मागितली. तो लाजला. बाजूच्या मुलाला कोपर मारून हसला. मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "बाई, आमची आई समुद्रात उतरताना पण पाया पडते."

बालमित्रांनो, तुमच्या घरी कोण पाया पडतं पाण्याच्या? आणि तुम्हाला कधी कुणाची अशी लाज वाटली होती का? मला सांगा. मी ओरडणार नाही.