चौथीची मुलगी शब्दगटात

शिक्षणसेवक म्हणून निवड झाल्याचं कळलं, तेव्हा नातेवाइकांत एकच वाक्य ऐकू येत होतं, ‘म्हणजे डिसले सरांच्या जिल्ह्यात!’ माढा तालुक्यातल्या परितेवाडीचं नाव आता सगळ्यांना माहीत आहे. रणजितसिंह डिसले तिथे २००९ मध्ये गेले तेव्हा शाळेची इमारत मोडकळीला आलेली होती आणि शेजारी गुरांचा गोठा. पुढे त्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले, २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटली. माझ्या डोक्यात शाळा सुधारणं म्हणजे तेच होतं. कोड, टॅब, पडदा.

मला मिळाली अक्कलकोट तालुक्यातली द्विशिक्षकी शाळा. पहिली ते चौथी, दोन खोल्या, आणि घरी कन्नड बोलणारी बरीच मुलं.

पहिल्याच आठवड्यात मोठ्या गुरुजींनी रजिस्टर पुढे ठेवलं. त्यात मुलांच्या नावांपुढे इयत्ता नव्हती. प्रारंभिक, अक्षर, शब्द, वाक्य, उतारा असं लिहिलेलं होतं. ही काय भानगड, मला काही कळेना. डी.एड.ला मी पाठ टाचण लिहायला शिकले होते, घटक नियोजन शिकले होते. चौथीच्या वर्गात वाचता न येणारी मुलं असली तर काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गुरुजी म्हणाले, ‘बाई, रोजचा एक तास इयत्ता विसरायची. ज्याचा जो स्तर, त्या गटात तो बसेल.’

हे सगळं कुठून आलं ते त्यांच्याकडूनच समजलं. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झालं. पायाभूत आणि संकलित चाचण्या आल्या, मूल नेमकं कुठे अडलंय ते आधी बघा असं सांगितलं गेलं. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक जात. गुरुजीही गेले होते. आमच्या फरशीवर रंगवलेली अक्षरं आणि संख्यारेषा त्या दौऱ्यानंतरची. रंग आता पुसट झालाय, पण मुलं अजून त्यावर बसूनच शब्द जुळवतात.

चौथीतली एक मुलगी शब्दगटात होती. ‘पाऊस’, ‘बैल’ ती बोट ठेवून नीट वाचायची. ‘रस्ता’ आला की बोट थांबायचं, ‘रस’ म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघायची. वर्गात हुशार, हिशोबाला पक्की, आजीबरोबर दुकानात बसून सुटे पैसे चोख परत देणारी. तिची आई शाळेत आली आणि तिने सरळ विचारलं, ‘चौथीच्या पोरीला दुसरीच्या पोरांत कशाला बसवता बाई? गावात हसतात.’ मला उत्तर सुचेना. गुरुजींनी मुलीला बोलावून आईसमोरच चौथीचं पुस्तक उघडलं, तिथे ती अडली; मग गोष्टीचं छोटं पुस्तक, ते तिने वाचलं. आई गप्प झाली, पण तिचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. तिचा प्रश्न खरा होता. मुलीला तीन वर्षं आम्ही वरच्या वर्गात ढकलत आणलं आणि लाज मात्र तिने सोसायची, हा कुठला न्याय?

दिवाळीनंतर ऊसतोडणीच्या टोळ्या आल्या. कोपीवरची, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपड्यांतली मुलं, स्थलांतरित मुलांना मिळणारं शिक्षण हमी कार्ड घेऊन दाखल झाली. कायद्याने त्यांना वयानुसार योग्य वर्गात बसवायचं. इथे माझा गोंधळ सगळ्यात वाढला. शिक्षकांची पदं ठरतात ३० सप्टेंबरच्या पटावर, आणि ही मुलं येतात त्यानंतर. म्हणजे हातात मुलं वाढतात, हिशोबात नाहीत. गटांची घडी विस्कटते आणि आम्ही दोघंच. पट कमी झाला की काय होतं, हे गावाला माहीत आहे. २०१७ मध्ये दहापर्यंत पट असलेल्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुलांना दुसऱ्या शाळांत पाठवायचं ठरलं, ती चर्चा इथे अजून निघते.

शाळा बंद करण्यासारखे निर्णय वरून होतात. शाळेच्या कारभाराबद्दल मात्र कायदा वेगळं सांगतो: शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक, निम्म्या महिला. मला हे पटतं, कारण माझ्या शाळेतला सगळ्यात अवघड प्रश्न एका आईनेच विचारला होता. पण बैठकीत अजेंडा बहुतेक वेळा रंगरंगोटीचा असतो. ‘माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानाचे गुण मिळवायचे तर भिंत दिसली पाहिजे, हे मीही समजू शकते. भिंतीला पैसे मिळतात, वर्गणीही निघते. स्तरांच्या रजिस्टराबद्दल मात्र कुणी विचारत नाही.

मागच्या बैठकीत त्या मुलीच्या आईनेच ते रजिस्टर मागितलं. कोणत्या गटात किती मुलं आहेत, जूनमध्ये किती होती, एवढं तिने विचारलं आणि गुरुजींनी मोठ्याने वाचून दाखवलं. आता पुढच्या बैठकीला टोळीच्या मुकादमाला आणि कोपीवरच्या एखाद्या आईला बोलवायचंय. त्या दिवशी तोडणीचा खाडा पडू नये म्हणून बैठक संध्याकाळी ठेवा, असं मी गुरुजींना सांगितलंय.