मुक्कामी गाडी

आमच्या वाडीला पूर्वी मुक्कामी एसटी होती. संध्याकाळी साडेसातला ती चढावर घरघरायला लागली की त्या आवाजावर बायका चुलीवर तवा ठेवायच्या. ड्रायव्हर-कंडक्टर समाजमंदिरात झोपायचे. त्यांना जेवण कुणाच्या घरून जायचं याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. सकाळी सव्वासहाला तीच गाडी कॉलेजची पोरं, दुधाचे कॅन, दवाखान्याची माणसं आणि बाजाराच्या दिवशी कोंबड्यांच्या पाट्या घेऊन खाली उतरायची. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत ती बंद झाली. पुढे २०२१ च्या शेवटी एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. संप मिटल्यावर आसपासच्या फेऱ्या एकेक करून सुरू झाल्या. आमची राहिली.

मग वडाप आलं. जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि सुटली तरी पोरींना टपावर बसवता येत नाही. जीपवाला आमच्याच भावकीतला आहे, अडीअडचणीला रात्रीसुद्धा उठून येतो, त्याला मी बोल लावणार नाही. पण जीपला वेळापत्रक नसतं. कॉलेजचा पहिला तास चुकला की चुकला. दहावीनंतर दोन मुलींची शाळा सुटली ती यामुळेच. त्यातली एक माझी पुतणी.

सगळ्यात लागायचं ते वेगळंच. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. शाळेच्या मुलींना पास आधीपासून मोफत होताच. शेजारच्या आत्यांनी आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कनवटीला लावून ठेवलं होतं, फुकट तिकिटासाठी. फाट्यापर्यंत सहा किलोमीटर चालायचं बळ त्यांच्या गुडघ्यांत नव्हतं, आणि वडापला त्यांना पूर्ण पैसे पडायचे. सवलत गाडीत बसणाऱ्याला मिळते. गाडीच नसेल तर ती कागदावरच राहते.

मी आमच्या महिला बचत गटाची सचिव. जुलै २०२४ मध्ये आम्ही चौघी आगारात गेलो. साहेबांनी चहा पाजला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, त्या फेरीला भारमान नव्हतं. आणि घाटरस्ता अरुंद, वर गाडी वळवायला जागा नाही." भारमान म्हणजे गाडीत किती माणसं भरतात ते. चार वर्षं गाडीच नाही तर भारमान कुठून दाखवायचं? परतीच्या वाटेवर मी दुकानातून दोनशेपानी वही घेतली.

त्या वहीत आम्ही महिनाभर रोज लिहिलं. कोण गेलं, किती वाजता, कशासाठी, कशानं, किती पैसे मोजले. "पहाटे ५.५०, दोन मुली, चालत, कॉलेज." "सकाळी ८, गरोदर बाई, सोबत सासू, जीप, तपासणी." "सकाळी ९.३०, म्हातारा-म्हातारी, पेन्शन, बँकेची लाईट नव्हती, परत आले." ज्यांना लिहिता येत नव्हतं त्या उंबऱ्यावर येऊन सांगायच्या. माणसं किती ये-जा करतात ते आम्हालाही वही भरल्यावरच समजलं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी महिला सभा होते, तिथे ठराव केला आणि ग्रामसभेतून तो मंजूर करून घेतला.

विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. आचारसंहिता लागली की नव्या कशाची घोषणा होत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून घाई केली. तरण्या पोरांचं म्हणणं होतं, बहिष्कार टाकायचा, गावाच्या वेशीवर फलक लावायचा. दोन रात्री देवळात वाद झाला. माझं म्हणणं एवढंच होतं की मत न देणाऱ्याकडे पुढची पाच वर्षं कुणी ढुंकून बघत नाही. शेवटी ठरलं, मत मागायला जो कुणी येईल त्याच्यापुढे एकच कागद ठेवायचा. मागणी एक: सकाळ-संध्याकाळची फेरी आणि मुक्काम. खाली सहीला जागा.

सगळे आले. हार घातले, नारळ फोडले. प्रत्येकाला वाडीला दुसरंच काहीतरी द्यायचं होतं. सभागृह, पेव्हर ब्लॉक, देवळापुढे मोठा दिवा. आत्या खांबाला टेकून बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "दिवा नको बाबा. पोरींचं अंधारात चालणं थांबव, गाडी दे." दोघांनी सही केली. एकाने "बघू" म्हणून कागद खिशात घातला. एक जण न बोलताच गाडीत बसला.

१५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली आणि सगळं थांबलं.

मतदान २० नोव्हेंबरला होतं. १९ च्या संध्याकाळी मी गोठ्यात होते आणि ती ओळखीची घरघर ऐकू आली. हात तसेच पदराला पुसत बाहेर पळाले. मतदान यंत्रं आणि कर्मचारी घेऊन लाल एसटी घाट चढून आली होती. शाळेपुढच्या पटांगणात ड्रायव्हरने दोनदा मागे-पुढे करून ती आरामात वळवली आणि तोंड खाली करून उभी केली. चार वर्षांत पहिल्यांदा. लहान पोरं, ज्यांनी एसटी वाडीत कधी पाहिलीच नव्हती, चाकांना हात लावून बघत होती. आत्या काठी टेकत आल्या आणि दाराचा दांडा धरून उभ्या राहिल्या. गाडी त्या रात्री मुक्कामाला राहिली. जेवणाची पाळी कुणाची, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

मी फोटो काढून घेतला. मतपेटीसाठी जो रस्ता चालतो तो पोरींच्या कॉलेजसाठी चालायलाच हवा, यावर माझं मत तेव्हाही पक्कं होतं, आजही आहे. निकालानंतर वही, ठराव, सहीचा कागद आणि तो फोटो घेऊन आम्ही पुन्हा खाली गेलो. आमदारांचं शिफारसपत्र जोडलं. अरुंद रस्त्याचं कारण या वेळी कुणी पुढे केलं नाही.

जून २०२५ मध्ये शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात सकाळची आणि संध्याकाळची फेरी चालू झाली. पुतणीने अकरावीला नाव घातलं, एक वर्ष वाया गेलं ते गेलंच. आत्या पहिल्याच दिवशी डोळे तपासायला गेल्या आणि शून्य रुपयाचं तिकीट घरी आणून देव्हाऱ्यापाशी ठेवलं.

मुक्कामी गाडी अजून मिळालेली नाही, त्यामुळे सकाळची फेरी खालून येते आणि पावसात उशीर होतो. तुमच्याही गावची फेरी बंद पडली असेल तर निवडणुकीची वाट बघत बसू नका. तिच्या तीन-चार महिने आधी वही सुरू करा आणि रोज लिहा. लिहायला कुणी नसेल तर आम्हाला बोलवा, आम्ही येऊ.