जाळीतलं कोण काढतं?

बीएस्सी झालो, केमिस्ट्री घेऊन. भिवंडीतल्या एका डाईंगमधे सांडपाण्याच्या प्लँटवर ऑपरेटर लागलो. आबा आयुष्यभर कंत्राटदाराच्या हाताखाली गटारं उपसत आला. त्याला वाटलेलं, पोरगं शिकलं, घाणीतून सुटलं. तर पोरगं पुन्हा घाणीवरच. फक्त हातात बांबूऐवजी पीएचची पट्टी.

पहिल्या आठवड्यात मी जोशात. रात्री जेवताना त्याला सगळं समजावून सांगितलं. आबा, डाईंगचं पाणी कढत येतं, कॉस्टिकनं बुळबुळीत. आधी जाळी. तिच्यात सूत, चिंध्या अडकतात. मग दिवसभराचं पाणी मोठ्या टाकीत. सकाळी लाल, दुपारी निळं, टाकीत सगळं मिळून काळंच. अ‍ॅसिड घालून कॉस्टिक मारायचं. मग चुना, तुरटी. आई गढूळ हंड्यात तुरटी फिरवायची तेच हे. रंगाचे कण एकमेकांना धरतात, जड होतात, तळाला बसतात. पुढच्या टाकीत खालून हवा सोडायची. तिथं जिवाणू घाण खाऊन वाढतात. ते खाली बसले की त्यातला काही गाळ परत टाकीत, नवी घाण खायला. १९१४ साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेटनं ही रीत मांडली. रंग मात्र जिवाणूंना सहजी पचत नाही, म्हणून शेवटी वाळू अन् कोळसा.

आबानं ऐकून घेतलं. म्हणाला, "आन् जाळीत अडकलेलं कोन काढतं रं?"

माझ्या वहीत ती पायरी नव्हती.

मित्रांनो, पाणी शुद्ध करायची आणखी एक रीत या देशाला ठाऊक आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. मागाहून सवर्णांनी शेण, गोमूत, दूध, दही कालवलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतल्या, तळं शुद्ध केलं. आमच्या धंद्यात याला सांडपाणी सोडणं म्हणतात. कोर्टानं आपला हक्क मान्य करायला १९३७ उजाडलं.

तर पावसाळ्याआधी मोठी टाकी गाळानं भरली. शेठ म्हणाला, "तुमच्या वस्तीतली दोन पोरं आण. पाचपाचशे देतो." माझी वस्ती कुठली, हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

सडलेल्या गाळातून गॅस सुटतो. थोडा असला की कुजक्या अंड्याचा वास. जास्त झाला की नाकच मरतं, वास येईनासा होतो, उतरलेल्याला वाटतं गेला गॅस. हवेपेक्षा जड, तळाशी दबा धरून बसतो. एक कोसळतो. दुसरा त्याला काढायला उतरतो, तोही तिथंच. मी शेठला २०१३ चा कायदा सांगितला. गटारात, सेप्टिक टँकमधे माणूस उतरवायला बंदी आहे म्हटलं. तो हसला. "ही काय गटार आहे? ही तर फॅक्टरीची टाकी."

आणि मी वस्तीत गेलो. लाज वाटते लिहायला, पण गेलो. नोकरी दोन महिन्यांची होती. दोन पोरं लगेच तयार झाली. त्यातला धाकटा म्हणाला, "दादा, वर तू असशील ना?"

वर. मी वरच असणार होतो.

तसाच माघारी फिरलो. शेठला म्हटलं, सक्शनची गाडी मागवा, नाहीतर मीच उतरतो, डिग्री घेऊन. चिक्कार शिव्या दिल्या त्यानं. गाडी आली. गाळ ओढला, उरलेला वरून पाण्याचा मारा करून सुटा केला, पुन्हा ओढला. भाडं माझ्या पगारातून कापलं.

रात्री आबाला सांगितलं. वाटलं, पाठीवर हात ठेवील. तो बिडी विझवत म्हणाला, "गाळ कुठं टाकला?"

असला गाळ घातक कचऱ्यात मोडतो, परवाना असलेल्या जागी जायला हवा. कागदावर तसंच लिहिलं होतं, सही माझी. गाडी मात्र कामवारीच्या बाजूला वळलेली मी गेटवरून पाहिली होती. ड्रायव्हर आपल्यातलाच होता. जाताना त्यानं मला जयभीम घातला.