वाफ आणि ओल

आमच्या बालपणी न्हाणीघर घराच्या मागील दारी असे. विहिरीजवळचा तो एक लहानसा आडोसा; वर कौले, खाली दगडी फरशी आणि कोपऱ्यात तांब्याचा बंब. थंडीच्या दिवसांत पहाटे बंब पेटला की वाफ कौलांच्या फटींतून आपोआप वर निघून जाई. ती कोठे जाते, याचा विचार करण्याची पाळी कोणावर येत नसे. ओल आणि घर यांच्यामध्ये आमच्या वाडवडिलांनी अंगणाचे अंतर राखले होते. त्यामागील शहाणपण आमच्या ध्यानी यायला मात्र पन्नाशी उलटावी लागली, आणि तेही दुसऱ्याच्या दुखण्यातून.

आमच्या धर्मग्रामातील एका मावशींची ही हकीकत. वय सत्तरीच्या पुढचे, गुडघे धरलेले. मुलगा आखातात नोकरीला. त्याने वसईतील जुने कौलारू घर पाडून बंगला बांधला आणि तळमजल्यावर, आईच्या खोलीला लागूनच, गरम पाण्याचा मोठा टब बसविला. सुमारे हजार लिटर पाणी, सदैव चाळीस अंशांच्या आसपास तापलेले, आणि कळ दाबली की बुडबुड्यांचे फवारे. आईच्या गुडघ्यांना आराम मिळावा, एवढाच त्याचा हेतू. खोलीला एकच सरकती खिडकी होती. वर पी.ओ.पी.चे छत, भिंतींना तुळतुळीत प्लास्टिक रंग, आणि एक्झॉस्ट पंखा मात्र कोठेच नाही.

मे महिन्यात घराला आशीर्वाद देण्यासाठी आम्ही गेलो. मावशींनी कौतुकाने सारे दाखविले. निघताना आम्ही सहज म्हणालो, "मावशी, पावसाळ्यात ही खिडकी उघडी ठेवू नका हो. बाहेरची ओल आत शिरेल." न विचारता दिलेला सल्ला होता तो, पण धर्मगुरूंनी सांगितलेली गोष्ट म्हणून मावशींनी तो तंतोतंत पाळला.

सप्टेंबरात पुन्हा जाणे झाले, तेव्हा दारातच कुबट वास आला. छताच्या कडांना काळी बुरशी धरली होती, रंगाला फोड आले होते आणि शेजारच्या खोलीतील प्लायवूडचे कपाट फुगून त्याचे दार लागत नव्हते. मावशींना खोकल्याची उबळ थांबत नव्हती. चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागत होती. आम्ही खिडकीकडे पाहतो आहोत, हे त्यांच्या लक्षात आले असावे. अगदी निरागसपणे त्या म्हणाल्या, "फादर, तुम्ही सांगितल्यापासून एकदासुद्धा उघडली नाही."

त्या वाक्याने आम्ही जागच्या जागी खिळलो.

छातीच्या डॉक्टरांकडे त्यांना आम्हीच घेऊन गेलो. डॉक्टरांनी घराविषयी बारकाईने चौकशी केली आणि टबाचा उल्लेख येताच ते थांबले. कोमट पाण्यात वाढणारे काही जीवाणू बुडबुडे फुटताना सूक्ष्म तुषारांबरोबर हवेत येतात आणि कोंदट खोलीत श्वासावाटे फुप्फुसात जाऊन तेथे दाह निर्माण करतात. या विकाराला वैद्यकशास्त्रात 'हॉट टब लंग' असेच नाव आहे. निव्वळ वाफ म्हणजे शुद्ध पाणीच. धोका असतो तो तुषारांचा. 1999 साली हॉलंडमध्ये बोवेनकार्स्पेल येथील पुष्पप्रदर्शनात मांडलेल्या अशाच एका टबातून लीजनेला नावाच्या दुसऱ्या जीवाणूचा फैलाव होऊन किमान 32 माणसे दगावली होती. त्यांतील अनेकांनी टबाला हातही लावला नव्हता. ते नुसते शेजारून गेले होते.

टब बंद झाला आणि औषधोपचार सुरू झाले. काही आठवड्यांत मावशींची धाप ओसरली. परंतु त्यांनी आम्हांला एक गळ घातली: "मुलाला कळवू नका. त्याने किती हौसेने केलंय!" चार महिने हा खोकला त्यांनी फोनवरसुद्धा दाबून धरला होता. आम्ही मौन पाळले, पण त्यांनी स्वतः सांगावे असा आग्रह धरला. नाताळात मुलगा आला तेव्हा त्यांनी सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, ही खोली तुझ्यासाठी होती गं, माझ्यासाठी नव्हती." आणि आम्हीही आमचा वाटा त्याच्यापाशी कबूल केला.

आमच्या तरुण मंडळातील एका अभियंत्याने आमचे अज्ञान दूर केले. हवा जितकी उबदार, तितके अधिक पाणी ती पोटात धरते. टबाच्या खोलीतील चौतीस अंशांच्या वाफाळ हवेत दर घनमीटरला सदतीस ग्रॅमच्या आसपास पाणी असते. बाहेर धो धो पाऊस असला तरी सत्तावीस अंशांच्या हवेत ते तेवीस-चोवीस ग्रॅमच असते. म्हणजे ज्या पावसाळी हवेला आम्ही दाराबाहेर थोपविले, ती खोलीतल्या हवेपेक्षा कोरडी होती! आतली वाफ थंड भिंतीला लागली की तिचे पाणी होते आणि त्या पाण्यावर बुरशी पोसते. आपल्या किनाऱ्यावर तर स्लॅबमधील सळ्यांना खारी हवा आधीच गंजवीत असते; त्यात ही घरची ओल.

त्या खोलीत मग दुरुस्त्या झाल्या. टबावर घट्ट बसणारे जाड झाकण आले. बाष्प मुळात उठूच न देणे हा पहिला उपाय, आणि तोच सर्वांत स्वस्त. छताजवळ एक्झॉस्ट पंखा बसला. त्याची नळी छताच्या पोकळीत न सोडता थेट बाहेर काढली, आणि बाहेरची हवा आत यावी म्हणून समोरच्या भिंतीत खाली जाळी ठेवली. स्नानानंतर तासभर तो पंखा चालू राहतो. आईच्या खोलीकडील दाराला रबरी पट्टी लागली. पी.ओ.पी. काढून टाकले, भिंतींचा प्लास्टिक रंग खरवडून चुन्याचा गिलावा केला. चुना ओल्या भिंतीला श्वास घेऊ देतो आणि बुरशीला सहसा थारा देत नाही. झाकण बंद असताना पावसाळ्यातली उरलेली ओल टिपायला डीह्युमिडिफायर आहे. भिंतीवर लहानसा आर्द्रतामापक टांगला आहे. काटा साठाच्या वर रेंगाळू लागला की घरातील मुलेसुद्धा पंखा लावतात. पाण्याचे निर्जंतुकीकरण आणि गाळणीची सफाई आता ठरल्या वारी होते.

मावशी मात्र त्या टबात पुन्हा उतरल्या नाहीत. डॉक्टरांची तशी सक्त ताकीद आहे. संध्याकाळी मागील पडवीत खुर्चीवर बसून त्या गरम पाण्याचे फडके गुडघ्यांवर शेकतात. परवा आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या फडक्यातून निघणारी वाफ वाऱ्याबरोबर केळीच्या पानांकडे निघून जात होती.

"फादर, ती खिडकी उघडी ठेवू की बंद?" त्यांनी हसत हसत विचारले.

"त्या इंजिनिअर मुलाला विचारा, मावशी," आम्ही म्हणालो. हे उत्तर आम्ही मे महिन्यातच द्यायला हवे होते.