मातृभाषेचा रकाना

2012 साली आम्ही बी.एड.च्या प्रवेशासाठी मुलाखतीला गेलो. तेव्हा हा अभ्यासक्रम एका वर्षाचा होता. दोन वर्षांचा झाला तो 2015 पासून. टोकावड्याहून पहाटेच्या एस.टी.ने मुरबाडमार्गे कल्याण, पुढे लोकल. इस्त्री मोडू नये म्हणून बराचसा प्रवास उभ्यानेच केला.

समोर तिघे बसले होते. कागद चाळता चाळता एकाने विचारले, ‘‘मातृभाषा उर्दू लिहिली आहे. घरी आईशी कोणत्या भाषेत बोलता?’’

प्रश्न साधाच होता. पण ती जागा उर्दू भाषिकांसाठी राखीव होती. आमची अम्मी बांगड्या भरते. कुणबी, आगरी, ठाकर बायांचे हात हातात घेऊन ‘‘दुखलं का गं बाय?’’ असे विचारण्यात तिचा जन्म गेला. आम्हाला ती रागावली ती मराठीत, निजवले तेही मराठीत. उर्दू आम्हाला मिळाली ती शाळेतून आणि अब्बांच्या हट्टातून. तिच्यावर आमचे प्रेम आहे, पोटही तिच्यावरच चालते. पण ती आईची भाषा नव्हे.

आम्ही म्हणालो, ‘‘उर्दूत.’’

प्रवेश मिळाला. घरी आल्यावर अम्मीने विचारले, ‘‘काय इचारलं रं त्यांनी?’’ आम्ही म्हणालो, ‘‘काही नाही, मार्कांबद्दल.’’ एका दिवसात दोनदा खोटे बोललो. पहिल्यांदा तिच्याविषयी, दुसऱ्यांदा तिच्याशीच.

पुढे जनगणनेतली व्याख्या वाचनात आली. लहानपणी आई मुलाशी जी भाषा बोलते, ती त्याची मातृभाषा. सरकारलाही ठाऊक होते, आम्हीच विसरलो होतो.

राज्यघटनेचे 30वे कलम धार्मिक आणि भाषिक अशा दोन्ही अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क देते. तो रास्तच आहे. त्यावाचून आमच्यासारखे कितीतरी शिक्षक घडले नसते. पण मुसलमान म्हणजे उर्दू, हे समीकरण बाहेरच्यांनी मांडले तसे आपणही मांडले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तरी फॉर्मवरच्या त्या एका रकान्यापाशी आपले पेन अडखळते.

मध्यंतरी आमच्या शाळेत पहिलीच्या प्रवेशासाठी एक आई मुलाला घेऊन आली. फॉर्म आम्हीच भरत होतो. मातृभाषा विचारताच ती म्हणाली, ‘‘लिवा ना सर, उर्दू.’’

‘‘लेकराशी कशात बोलता?’’ आम्ही विचारले.

ती गप्प झाली. पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागली. तेव्हा ध्यानात आले, प्रश्न विचारणाऱ्याच्या खुर्चीत आता आम्ही बसलो आहोत.

‘‘काहीही लिहिले तरी प्रवेश होणारच आहे, ताई. भिऊ नका.’’

तिने मुलाकडे पाहिले. ‘‘मंग खरं हाय तेच लिवा.’’

आम्ही लिहिले : मराठी.